पिन्यन यादीत आहे

कॉपर फ्लॅट भूकंप-नोंद केंद्र, नेवाडा
११ ऑक्टोबर १९८२

मिस स्टोव्हर यांस,

तुमचं परिपत्रक मिळालं. वर नेहमीप्रमाणे 'आपली मतं कळवावीत' असं छापलंय. या संगणकांच्या नेटवर्कात कुणी कुणाला हुकूम देत नाही म्हणतात; 'मतं कळवा' असं वर छापून हुकूमच पाठवतात, इतकंच. पण छापलंच आहे, तर मी माझं मत कळवतो.

एक जानेवारीपासून नेटवर्कवरच्या मशीनांची एकमेकांशी बोलायची जुनी बोली बंद, आणि ज्या मशीनला नवी बोली येत नाही त्याचं नाव तुमच्या मशीनांच्या यादीतून काढणार, असं तुम्ही म्हणता. आमच्या मशीनचं नाव पिन्यन. बारा वर्षांचं आहे. ज्या कंपनीने बनवलं तिने केव्हाच त्याच्याकडे पाठ फिरवली. आमचे वरिष्ठ म्हणतात, दोन वर्षांत केंद्रच गुंडाळायचंय, म्हाताऱ्या घोड्याला नवे नाल कशाला? नोंदी टेपवर भरून टपालाने पाठवा. पाठवू. जमिनीला हादरायला नेटवर्क लागत नाही.

माझी विनंती एवढीच, की पिन्यनचं नाव काढू नका.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून कारणही सांगतो. माझी मुलगी नॅडीन बोस्टनला विद्यापीठात आहे. आमच्यात पाच वर्षं थोडा अबोला आहे. मी टपालाने पाठवलेली पाकिटं 'घेणाऱ्याने नाकारले' असा शिक्का घेऊन परत येतात. गेल्या नाताळात मी पाकीट न पाठवता पोस्टकार्ड पाठवलं. पोस्टकार्ड न वाचता परत करता येत नाही. त्यावर एकच ओळ होती, माझा नेटवर्कवरचा पत्ता: प्रुइट, पिन्यनवर. ते परत आलं नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी कॉफीच्या आधी मशीनपाशी जातो आणि पत्र आलंय का बघतो. दहा महिने झाले.

नॅडीनला मी ओळखतो. ती एकदा लिहील. नाव यादीत नसेल तर तिचं पत्र 'असं मशीनच नाही' म्हणून त्याच क्षणी तिच्या तोंडावर परत येईल, आणि मग विषय संपला. नाव असेल तर ते तिथेच, बोस्टनच्या मशीनवर, वाट बघत थांबेल. तेवढ्या अवधीत पिन्यनला नवी बोली मी स्वतः शिकवीन. पुस्तक मागवलंय.

हे मशीनवरून न लिहिता कागदावर लिहिलं, कारण मशीनवरची पत्रं तुमच्या कचेरीत कोण कोण वाचतं ते मला माहीत नाही.

आपला,
लेलँड प्रुइट

*

मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया
२० ऑक्टोबर १९८२

मिस्टर प्रुइट,

सगळे वाचतात. कागदावर लिहिलंत ते शहाणपणाचं केलंत.

आता उत्तर. नाही. यादी माझ्या घरची नाही. देशभरातली मशीनं दर आठवड्याला ती माझ्याकडून उतरवून घेतात आणि कोण कुठे आहे ते तीवरून ठरवतात. तीत एक खोटं नाव राहिलं, तर ते तीनशे ठिकाणी खोटं होतं. एका प्राध्यापकमहाशयांना आपल्या मशीनला घरच्या कुत्र्याचं नाव द्यायचं होतं, ते मी दिलं. कुत्रा मेल्यावर बदलून मागितलं, तेही दिलं. पण जे मशीन बोलत नाही ते 'बोलतं' असं मी लिहीत नाही.

तुमच्या वरिष्ठांनी सहीचं पत्र दिलं तर तीन-चार महिन्यांची सवलत मिळू शकते. मागून बघा.

आणि एक विचारते, राग मानू नका. मुलगी बोस्टनला आहे आणि विमानं उडतात.

विनिफ्रेड स्टोव्हर

*

कॉपर फ्लॅट
१५ नोव्हेंबर १९८२

मिस स्टोव्हर,

वरिष्ठांनी सही दिली नाही. हसले. म्हणाले, "लेलँड, तू त्या डब्याशी लग्न लावलंयस की काय?"

विमानाचं म्हणाल, तर मी गेलो होतो. १९७८ साली. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा लावून घेतलं. आदळलं नाही, हळूच लावलं. तेव्हापासून मी दाराशी जात नाही.

मागच्या पत्रात मी 'थोडा अबोला' असं लिहिलं. ते खोटं होतं, ते आता दुरुस्त करतो. तुमच्या यादीसारखं.

माझी बायको आयरीन १९७७च्या वसंतात गेली. पोटाचा कॅन्सर. नॅडीन तेव्हा अलास्कात होती, हिमनदीवर, तिच्या डॉक्टरेटच्या कामासाठी. तिथे फोन नव्हता, पंधरवड्यातून एकदा विमान टपाल टाकून जायचं. आयरीन शुद्धीवर होती तोवर म्हणत होती, पोरीला कळवू नकोस, तिचं काम अर्धवट राहील. मी कळवलं नाही. नंतर आयरीन शुद्धीवर नव्हती. तेव्हा मी टाइपरायटरवर बसलो आणि आयरीनच्या नावाने दोन पत्रं लिहिली. 'आता बरं वाटतंय. सूप घेते. तुझ्या बर्फाची काळजी घे.' आयरीन नेहमी असंच लिहायची, मला जमलं. दुसरं पत्र टपालात पडलं तेव्हा तिला पुरून दोन दिवस झाले होते. मला वाटलं, आणखी एक पंधरवडा पोरगी सुखात राहील. तेवढंच वाटलं हो.

ती आली तेव्हा तिने दोन्ही पत्रं माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि तारखा दाखवल्या. म्हणाली, "आई गेली होती आणि मी तिला उत्तर लिहीत बसले होते."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं ते मलाही कळत नाही. तुम्ही 'नाही' म्हणालात, आणि ते सरळ म्हणालात, म्हणून असेल.

नव्या बोलीचं पुस्तक आलंय. उशीइतकं जाड आहे आणि झोपही तशीच आणतं.

लेलँड प्रुइट

*

मेन्लो पार्क
६ डिसेंबर १९८२

मिस्टर प्रुइट,

तुमचं पत्र मी जवळजवळ तीन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडतेय.

माझी बहीण डोरोथिया आणि मी एकवीस वर्षं एका घरात राहिलो. एकमेकींशी सतत भांडत होतो: खिडकी उघडी की बंद, टोस्ट करपला की नाही. गेल्या वर्षी ती गेली. आता खिडकी माझ्या मनासारखी असते. आठ ते पाच माझा फोन वाजत असतो. अमुक मशीनचं नाव घाला, तमुकचा आकडा बदला. पाचनंतर तो फोन कचेरीत राहतो. घरच्या फोनवर शनिवार-रविवारी कुणी नसतं. कधी कधी मी वेळ सांगणाऱ्या नंबरवर फोन लावते. भिंतीवर घड्याळ आहे माझ्या. पण ती बाई दर दहा सेकंदांनी काहीतरी बोलते तरी.

हे सगळं सांगायचं कारण, मी काय केलं ते तुम्हाला नीट कळावं. एक जानेवारीला उडवायच्या नावांचा कागद आज तयार केला. पिन्यनच्या ओळीशी आले आणि पुढच्या ओळीवर गेले. कुणी विचारलं तर 'नजरचूक' म्हणेन. बारा वर्षांत एक नजरचूक मला माफ असावी.

सोबत यादीचं तुमचं पान छापून पाठवतेय. दर शुक्रवारी पाठवीन, म्हणजे नाव आहे याची तुमच्या डोळ्यांनी खात्री होईल.

पुस्तक संपवा.

विनिफ्रेड स्टोव्हर

*

कॉपर फ्लॅट
३ जानेवारी १९८३

प्रिय मिस स्टोव्हर,

परवा, पहिल्या तारखेला, सकाळी मशीनपाशी गेलो तर पडद्यावर काहीच नव्हतं. बिघाड नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, सुया कागदावर रेघा ओढतात. फक्त पलीकडे कुणी नाही. आधी कसं असायचं, मला कुणी लिहीत नव्हतं तरी मधूनच एखादं मशीन विचारून जायचं, आहेस का? आणि पिन्यन म्हणायचं, आहे. त्याचं मला एवढं काही वाटत नसे. आता वाटतं.

ऐकतो की पूर्वेकडे लोकांनी 'मी बदलातून वाचलो' असं लिहिलेले बिल्ले छातीवर लावलेत. आमच्याकरिता बिल्ला नाही.

तुमचं पान खिळ्याला टांगलंय. नवी बोली अर्धी शिकवून झाली. पिन्यन 'हॅलो' म्हणतं, आणि उत्तर येईपर्यंत आपण हॅलो म्हणालो होतो हेच विसरतं. वय झालं की असं होणारच; मीही काल पीचचा डबा उघडून मी राहतो त्या ट्रेलरच्या पायरीवर ठेवला आणि सगळीकडे शोधत बसलो.

उपकार मानत नाही, कमी पडतील.

लेलँड

*

मेन्लो पार्क
४ फेब्रुवारी १९८३

प्रिय लेलँड,

शुक्रवारचं पान सोबत आहे. पिन्यन यादीत आहे, पृष्ठ सहा, वरून नववं.

इथे आता एक नवीच कुजबुज आहे. यादी फार मोठी झाली, एका बाईच्या हातात किती दिवस ठेवायची, म्हणून प्रत्येक गावाने आपापली नावं आपणच सांभाळावीत अशी योजना निघतेय. परिपत्रक आलंय. 'मतं कळवावीत.' मी मत कळवलं नाही. योजना चांगली आहे, तेच तर दुखतं.

घरचा पत्ता दिल्यापासून तुमचं पत्र मंगळवारी येतं असं माझ्या लक्षात आलंय. मंगळवारी मी जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन पेटी बघते. चाळीस मिनिटं जायला-यायला. सँडविच गाडीतच खाते.

पिन्यन कुठवर आलं?

विनिफ्रेड

*

कॉपर फ्लॅट
२८ फेब्रुवारी १९८३

प्रिय विनिफ्रेड,

आता ते उत्तर ऐकतं, पण ते आपल्यालाच आहे असं त्याला वाटत नाही. मी रोज दोन ओळी दुरुस्त करतो आणि तीन मोडतो. एप्रिलपर्यंत होईल. नॅडीनने लिहिलं असेल तर ते बोस्टनला थांबलं असेल, आणि तिलाही कळत असेल की थांबलंय. घाई नाही.

सँडविच गाडीत खाऊ नका, पोट बिघडतं. पेटी कुठे पळून जात नाही.

लेलँड

*

बोस्टन
१७ मार्च १९८३

यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांस,

एक खुलासा हवा आहे. उत्तर एका शब्दाचं असलं तरी चालेल.

मी पिन्यन नावाच्या मशीनवर लेलँड प्रुइट यांना तीन पत्रं पाठवली: ९ फेब्रुवारी, २१ फेब्रुवारी आणि ४ मार्च. ते माझे वडील आहेत. एकाचंही उत्तर आलं नाही. पत्रं परतही आली नाहीत. इथल्या मशीनवाल्यांना विचारलं, तर त्यांनी तुमची ताजी यादी काढून दाखवली आणि म्हणाले, "पिन्यन यादीत आहे. नेटवर्कची रीत माहीत आहे ना? परत आलं नाही म्हणजे पोचलं."

मला फोन करता आला असता. पण फोनवर माणूस पकडल्यासारखा होतो, काहीतरी बोलून जातो. पत्राला उत्तर द्यायचं की नाही हे त्याला शांतपणे ठरवता येतं. पाच वर्षांनंतर मी त्यांना तेवढी मोकळीक दिली.

८ ते १२ मार्च मी कामासाठी रीनोला होते. कॉपर फ्लॅटपासून तीन तास. माझी मुलगी बरोबर होती, तीन वर्षांची आहे, तिला आजोबा आहेत हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिला घेऊन येऊ का, एवढंच मी विचारलं होतं. पाचही दिवस मी बोस्टनच्या विद्यापीठाच्या मशीनवर फोनच्या तारेने शिरून उत्तर आलंय का बघत होते. मग परतले.

ते मशीन खरोखर चालू आहे का? चालू असेल तर मला माझं उत्तर मिळालं, आणि मी पुन्हा त्रास देणार नाही.

नॅडीन प्रुइट

*

मेन्लो पार्क
१ एप्रिल १९८३

प्रिय लेलँड,

सोबतचं पत्र आधी वाचा, मग हे.

ते कचेरीत २१ मार्चला आलं. आज एक तारीख आहे. अकरा दिवस ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. तुम्ही मला आयरीनच्या पत्रांचं सांगितलंत, म्हणून मीही सांगते, लपवत नाही.

आपण दोघांनी सगळा विचार केला; तिचं पत्र थांबेल, हरवणार नाही, परत फेकलं जाणार नाही. एकच विचार केला नाही. थांबलेलं पत्र पाठवणाऱ्याला कसं दिसतं? पोचल्यासारखं दिसतं. बारा वर्षं मीच फोनवर लोकांना सांगतेय, 'परत आलं नाही म्हणजे पोचलं.' माझंच वाक्य बोस्टनच्या त्या माणसाने तिला ऐकवलं. नाव मी एक जानेवारीला काढलं असतं, तर तिचं पहिलं पत्र ९ फेब्रुवारीलाच तिच्याकडे परत गेलं असतं, आणि रीनोला येऊन तिने कुणाला तरी विचारलं असतं. माझ्या दयेमुळे ती तुमच्यापासून तीन तासांवर येऊन मागे फिरली.

बोस्टनला फोन केला होता. तिन्ही पत्रं अजून तिथल्या मशीनवर रांगेत आहेत. दर तासाला ते मशीन पिन्यनचं दार ठोठावतं.

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. नोकरीची भीती वाटली, हे खरं आहे. पण तेवढंच नाही. मी स्वतःला सांगत होते की हे मी तुमच्या मुलीसाठी केलं. मंगळवारच्या पत्रासाठीही केलं, लेलँड. नाव काढलं असतं तर तुम्ही मला पुन्हा कशाला लिहिलं असतं?

तुम्ही म्हणाल ते करीन. तिला सगळं लिहून कळवू का?

विनिफ्रेड

*

कॉपर फ्लॅट
४ एप्रिल १९८३

विनिफ्रेड,

दोन्ही पत्रं तीनदा वाचली, मला नात आहे हे त्यातच कळलं, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. रागावलो होतो. तुमच्यावर. अर्धा तास तुम्हाला मनातल्या मनात खूप बोललो, त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही.

मग लक्षात आलं की हे सगळं मी आधी एकदा केलेलं आहे. जे माणूस उरलं नव्हतं त्याच्या नावाने मी तिला पत्रं पाठवली आणि ती उत्तरं लिहीत बसली. आता मी उरलो नव्हतो, तर माझं नाव तुमच्याकडून यादीत ठेवून घेतलं, आणि ती पुन्हा लिहीत बसली. पोरगी सुखात राहील, पोरीचं पत्र सांभाळलं जाईल. दोन्ही वेळा मला चांगलंच वाटत होतं. तुम्ही फक्त मी मागितलं ते दिलंत.

तिला काही समजावून लिहू नका. समजावणं मी तिला पुष्कळ केलंय, पाच वर्षांत चाळीस पाकिटं. हवं तर ती न उघडलेली पाकिटं दाखवतो.

नाव काढा. या शुक्रवारीच. बोस्टनच्या मशीनने नवी यादी घेतली की तिन्ही पत्रं त्याच क्षणी तिच्याकडे परत जातील, 'असं मशीन नाही' एवढंच लिहून. ते खरं असेल. माझ्याकडून तिला खरं उत्तर, वेळेवर, एकदा तरी जाऊ दे.

मग ती काय करेल ते तिचं. मी पुस्तक मिटलंय.

लेलँड

*

मेन्लो पार्क
११ एप्रिल १९८३

प्रिय लेलँड,

शुक्रवारी सकाळी साडेनऊला नाव काढलं. वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विनिफ्रेड, तू?" आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. नोकरी आहे, निदान यादी आहे तोवर.

आज सकाळी अकराला फोन वाजला. जसं बोलणं झालं तसं लिहिते, पदरचं काही घालत नाही.

"मी बोस्टनहून नॅडीन प्रुइट. माझी तिन्ही पत्रं आज परत आली. वर लिहिलंय, असं मशीन नाही. मागच्या आठवड्यापर्यंत तर होतं!"

म्हटलं, "नव्हतं. एक जानेवारीपासून ते कुणाचंच काही घेत नव्हतं. यादीत नाव राहिलं होतं ते चुकीचं होतं. चूक माझी."

"म्हणजे त्यांनी वाचली नाहीत?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

मागे एक लहान मूल 'मम्मी, हे बघ, हे बघ' असं करत होतं. मला वाटलं फोन ठेवला जाईल. मग ती अगदी हळू म्हणाली, "ते जिवंत आहेत का? आणि या वेळी मला कुणीतरी खरं सांगा."

मी म्हटलं, "जिवंत आहेत. चार तारखेचं त्यांच्या हातचं पत्र माझ्यासमोर आहे."

"हातचं? टाइप केलेलं नाही?"

"हातचं. अक्षर वाईट आहे."

ती हसली की रडली ते मला फोनवरून कळलं नाही. मग म्हणाली, "पत्ता सांगा. टपालाचा." मी सांगितला. तिने उलट वाचून दाखवला, मी 'बरोबर' म्हटलं. मग म्हणाली, "मी लिहीन असं त्यांना सांगू नका. मला अजून माहीत नाही." म्हणून मी तसं सांगत नाहीये. पत्ता तिने लिहून घेतला, एवढंच सांगतेय.

तेव्हा आता एखाद्या दिवशी तुमच्या पेटीत तिचं काही दिसलं, तर ते आधी उघडा आणि त्यालाच आधी उत्तर लिहा. मला नाही लिहिलंत तरी चालेल. चालणार नाही, पण मी निभावून नेईन.

विनिफ्रेड